फिजिओलॉजीची सीट घेऊ का?

पत्र (थोडक्यात): मॅडम, मी सव्वीस वर्षांची पशुवैद्यक, सातारा जिल्ह्यातली. इंटर्नशिप संपल्यापासून १९६२ या हेल्पलाइन क्रमांकाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकावर कंत्राटी काम करते. एम. व्ही. एस्सी.ला (पदव्युत्तर पदवीला) गायनॅक नाहीतर सर्जरी हवी होती, पण मेरिटमध्ये बसतंय ते फिजिओलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र. शिकवायची मला आवड आहे, कॉलेजात ज्युनिअर मुलं माझ्याकडेच शंका घेऊन यायची. पण सिनिअर म्हणतात, प्री-क्लिनिकल घेतलंस तर जन्मभर बेडकाचा स्नायू दाखवत बसशील. आमचा दहा गायींचा गोठा आहे. वडील म्हणतात, एवढं शिकून जनावराला हात न लावणारी डॉक्टर काय कामाची? एमपीएससीची पशुधन विकास अधिकाऱ्याची जाहिरातही येणार म्हणतात. शिवाय संशोधनात जनावरांना त्रास द्यावा लागेल, याची धास्ती आहेच. इथे रोज नवीन काहीतरी असतं. परवाच एक गाय दुग्धज्वराने (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून) बसली, कॅल्शियम दिलं, उठली, आणि तिसऱ्या दिवशी परत बसली. मालक म्हणाला, मागच्या वेतालाही असंच झालं होतं. हे सोडून वर्गात जाऊन बसू का?

उत्तर:

डॉक्टर, वयाने तू माझ्या विद्यार्थिनींच्या रांगेतली, म्हणून सरळ अगंतुगं करते.

तू विचारलेल्या प्रश्नांकडे वळतेच, पण आधी त्या गायीबद्दल बोलू. तिचा उल्लेख तू जाता जाता केलास. मला मात्र अख्ख्या पत्रात तीच ओळ कामाची वाटली.

तू काय केलं असशील ते न बघताही सांगता येतं. गाय मान कुशीकडे वळवून बसलेली, कान गार, नाक कोरडं, डोळे मलूल. मानेच्या शिरेत सुई, ४५० मिलीची बाटली मालकाच्या पोराच्या हातात उंच धरलेली, आणि तुझा स्टेथोस्कोप हृदयावर, कारण कॅल्शियम घाईने गेलं की हृदय दगा देतं. बाटली अर्ध्यावर आली की मांड्या थरथरायला लागतात. गाय ढेकर देते, शेण टाकते, नाकावर ओल येते. मग मागचा भाग उचलून धडपडत उभी राहते आणि गोठ्यातली सगळी माणसं तुझ्याकडे बघायला लागतात. आपल्या धंद्यात इतकं झटपट यश दुसऱ्या कुठल्या आजारात मिळत नाही, म्हणून सगळ्यांनाच ते आवडतं.

आता हिशेब मांड. लिटरभर चिकात साधारण २.३ ग्रॅम कॅल्शियम असतं. व्यायल्यावर पहिल्या धारेला दहा लिटर चीक निघाला, तर २३ ग्रॅम गेलं. आणि गायीच्या रक्तद्रवात सगळं मिळून कॅल्शियम असतं किती? जेमतेम तीन ग्रॅम. म्हणजे एका धारेत साठ्याच्या सात-आठ पट माल बाहेर गेला. तुझ्या बाटलीत असतं आठ-दहा ग्रॅम. त्या बाटलीने खड्डा भरत नाही, फक्त गायीला थोडा वेळ मिळतो. त्या वेळात तिच्या पॅराथायरॉइड ग्रंथींनी हाडांतून कॅल्शियम सोडवायचं, मूत्रपिंडाने ते धरून ठेवायचं, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप तयार करायचं आणि आतड्याने चाऱ्यातलं कॅल्शियम जास्त ओढायचं. ही यंत्रणा नीट चालू व्हायला एक-दोन दिवस लागतात, वयस्क गायीत आणखी जास्त. तोवर ती अडली, तर गाय परत बसते. बाटलीवर उठलेल्या चार गायींत साधारण एखादी अशी पुन्हा बसतेच.

मग यंत्रणा अडते कशाने? इथे प्रश्न बाटलीचा राहत नाही. ती शेवटचे तीन आठवडे काय खात होती, ते मालकाला विचार. बागायती पट्ट्यात उत्तर बहुतेक वेळा लसूणघास नाहीतर नेपिअर असं येतं, आणि तेही पोटॅश आणि गोठ्याची स्लरी रिचवलेल्या रानातलं. असल्या चाऱ्यात पोटॅशियम भरपूर. त्याने रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि मग पॅराथायरॉइडचं संप्रेरक हाड-मूत्रपिंडापर्यंत पोचूनही त्याचा हुकूम नीट मानला जात नाही. मॅग्नेशियम कमी असेल तर ते संप्रेरक मुळातच कमी सुटतं. त्यात मालकाने भलं करायचं म्हणून गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यात कॅल्शियमचं टॉनिक पाजलेलं असतं. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथी स्वस्थ राहतात आणि व्यायल्यावर ऐन गरजेच्या वेळी सुस्तच सापडतात. तेच टॉनिक व्यायल्यानंतर पाजलं असतं, तर उपयोगी पडलं असतं.

याला उपायही आहे. शेवटच्या तीन आठवड्यांत पोटॅशियमवाला हिरवा चारा आवरायचा, ऋणभारित क्षारांचं मिश्रण मोजून द्यायचं आणि लघवीचा सामू पट्टीवर बघायचा. एरवी तो ८ च्या आसपास असतो. संकरित होल्स्टीनमध्ये तो ६.२ ते ६.८ वर आला की समजायचं, यंत्रणा जागी झाली. दोन-चार रुपयांच्या पट्टीत पुढच्या वेताची बाटली वाचते.

हे मेडिसिनवाले शिकवत नाहीत का? शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. पण मुळात ते कळलं कसं, तो इतिहास बघ. १८९७ मध्ये डेन्मार्कमधल्या कोल्डिंगचे श्मिट नावाचे पशुवैद्य अशा गायींच्या कासेत सडांवाटे पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण सोडायला लागले. कासेत काहीतरी विष तयार होतं, अशी त्यांची समजूत होती. गायी उठायला लागल्या. मग लोकांच्या लक्षात आलं की औषध कशाला, नुसती हवा भरली तरी गाय उठते. उपाय लागू पडत होता आणि त्यामागचं कारण साफ चुकीचं होतं. हवेच्या दाबाने दूध उतरायचं थांबत होतं, म्हणून कॅल्शियमची गळती थांबत होती. हे उलगडायला १९२५ साल उजाडलं, आणि उलगडणाऱ्यांत होते एडिंबरोच्या पशुवैद्यकीय कॉलेजात फिजिओलॉजी शिकवणारे हेन्री ड्रायर आणि त्यांचे सहकारी ग्रेग. त्यांनी बसलेल्या गायींच्या रक्तातलं कॅल्शियम मोजून दाखवलं. आज तुझ्या गाडीत जी बाटली आहे, तिचा रस्ता वर्गात शिकवणाऱ्या माणसाच्या प्रयोगशाळेतून आलाय.

म्हणून माझं मत असं: सीट घे. पण 'गायनॅक हुकलं म्हणून' घेत असशील तर नको. वर्ष वाया गेलं तरी चालेल, पुन्हा परीक्षा दे. फिजिओलॉजीत दोन वर्षं रडत काढलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचे प्रबंध वाचले की पान उलटायचा कंटाळा येतो, त्यांनाही आणि मलाही.

आता बेडकाबद्दल. तुझे सिनिअर जुन्या काळातलं सांगताहेत. धुराने काळ्या केलेल्या कागदाचा फिरता ड्रम, त्यावर पांढरी रेघ ओढणारी काडी आणि पलीकडे बेडकाच्या पोटरीचा स्नायू, हा कायमोग्राफचा प्रयोग आमच्या पिढीने केला. आता तो पडद्यावर दिसतो आणि मला त्याची हळहळ वाटत नाही. बेडूक वाचले, आणि खरं सांगायचं तर निम्म्या मुलांची रेघ तेव्हाही सरळच यायची.

आजचा पहिल्या वर्षाचा वर्ग कसा असतो, ते ऐक. नीटच्या गुणांवर प्रवेश झालेला असतो, त्यामुळे बऱ्याच जणांचं मन अजून एमबीबीएसच्या यादीत अडकलेलं असतं. काही जण तर मागच्या बाकावर पुढच्या नीटची पुस्तकं उघडून बसतात. त्यांना तू काय दाखवणार? मी दाखवते रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायची, 'साली' नावाच्या जुन्या पद्धतीची नळी. नळीत सौम्य (एनबायटेन, म्हणजे N/10) हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात पिपेटने बरोबर वीस मायक्रोलिटर रक्त. लाल रंग जाऊन गढूळ तपकिरी येतो. मग थेंब थेंब पाणी घालून रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा आणि आकडा वाचायचा. स्वयंचलित यंत्र मिनिटभरात हिमोग्लोबिन सांगतं, सालीची पद्धत जुनी आणि ढोबळ, हे मलाही ठाऊक आहे. पण एकाच शेळीच्या रक्तावर चाळीस मुलांचे चाळीस आकडे फळ्यावर लिहिले की वर्ग गप्प होतो. मोजमापात चूक कुठून शिरते, हे त्या दिवशी कळतं. मग त्यांना गोठ्यात न्यायचं, गायीच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरायला लावायची आणि घड्याळ बघायला सांगायचं. दोन मिनिटांत कोठीपोट दोन-तीनदा मुठीला वर ढकलतं. ज्याच्या मुठीला ते पहिल्यांदा जाणवतं, त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यानंतर मागच्या बाकावरची नीटची पुस्तकं कमी होतात. सगळीच नाही होत.

शिकवायची आवड आहे म्हणतेस, तर हेही ऐकून ठेव. ज्युनिअरची शंका सोडवणं आणि तोच धडा दर वर्षी नव्याने शिकवणं, यात फरक आहे. पहिल्या दोन वर्षांत मजा येते. पुढे कंटाळा येऊ द्यायचा नसेल, तर स्वतःचा एखादा प्रश्न चालू असावा लागतो. माझ्या ओळखीचे जे शिक्षक शेवटच्या वर्षापर्यंत ताजे राहिले, त्या सगळ्यांचं प्रयोगशाळेत काहीतरी शिजत होतं. ज्यांनी पीएचडीनंतर संशोधन गुंडाळलं, त्यांच्या नोट्स पिवळ्या पडल्या.

प्रश्न आणायचे कुठून, ही चिंता तर महाराष्ट्रात नकोच. कोल्हापूरला गंगावेशीत दूध कट्ट्यावर कधी गेली असशील. म्हशी चालत आणतात, रस्त्यात उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतात आणि लोक तिथेच धारोष्ण दूध पितात. रिक्षा, हॉर्न, माणसांची गर्दी, आणि पंढरपुरी म्हैस शांतपणे पान्हा सोडते! फिजिओलॉजीच्या माणसाने तिथे दुधाचा पेला बाजूला ठेवायला पाहिजे. म्हशीच्या कासेतलं जवळजवळ सगळं दूध वर ग्रंथींत असतं, खालच्या पोकळीत फार तर पाच टक्के. गायीत ते वीस टक्क्यांच्या घरात असतं. म्हणजे पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटल्याशिवाय म्हशीकडून काही मिळायचं नाही. म्हैस बिचकली की ॲड्रिनलिन आडवं येतं आणि ती पान्हा चोरते. मग भर चौकात ती पान्हा सोडते कशी? सवय, ओळखीचा हात, ठरलेली जागा, ठरलेला आवाज, यांतलं कशाने किती? ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, तेवढ्यात नमुना घ्यायचा तर तो तिला न बिचकवता कसा घ्यायचा? बघ, दोन ओळींत प्रबंधाचा विषय झाला.

दुसऱ्या टोकाला शहरांभोवतीचे काही तबेलेवाले धारेच्या आधी रोज ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. दूध वाढतं असा त्यांचा समज. खरं तर इंजेक्शनने कासेत आहे तेवढंच दूध उतरतं, आणि काही दिवसांत जनावराला त्याची अशी सवय लागते की सुईशिवाय ते पान्हाच सोडत नाही. अपायकारक इंजेक्शन देऊन दूध काढणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. पण नुसता कायदा सांगून तबेलेवाला ऐकत नाही. कास धुण्यापासून धार सुरू होईपर्यंत मिनिटभराचा धीर धर आणि म्हशीवर ओरडू नकोस, हे त्याला पटेल असं सांगणारा माणूस लागतो. आणि तो पशुवैद्यच असावा लागतो.

उन्हाळ्यातला म्हशींचा मुका माज, मुसळधार पावसात उभी राहणारी डांगी गाय, उदगीरकडची देवणी, नांदेडची लाल कंधारी. या जनावरांच्या शरीरात नेमकं काय वेगळं चालतं, यावर परदेशातलं कोणी येऊन काम करणार नाही. हे आपल्यालाच करायचं आहे. तापमान आणि आर्द्रतेचा निर्देशांक ७२ च्या वर गेला की संकरित गायीचं दूध घटायला लागतं, असं पुस्तकं सांगतात. विदर्भातल्या मे महिन्यात तो आकडा सकाळी सकाळीच मागे पडतो. मग तिथली आपली गवळाऊ गाय तेव्हा काय करते?

आता संशोधनाची कळकट बाजू. तुझ्या मनात पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक असेल. प्रत्यक्षात तू पहाटे पाचला विद्यापीठाच्या गोठ्यात असशील, दर पंधरा दिवसांनी त्याच बारा-अठरा जनावरांच्या मानेतून रक्त काढत. मग सेंट्रिफ्यूज, मग सिरमच्या नळ्यांवर पुसली न जाणारी नावं, मग उणे वीसच्या फ्रीजरमध्ये जागा मिळवण्यासाठी दुसऱ्या विद्यार्थ्याशी भांडण. रात्री वीज गेली की पहिला विचार जनरेटरचा. संप्रेरक मोजायच्या एलायझा किटमध्ये ९६ खाचा असतात. प्रमाण द्रावणं जोडीने लावली की सोळा खर्ची पडतात, उरलेल्या ऐंशीत नमुने जोडीने बसवायचे म्हणजे चाळीसच. किट महाग, त्याला मुदत असते आणि अनुदानाचा पैसा मार्चच्या तोंडावर येतो. हे सगळं जमवता जमवता संख्याशास्त्राचे सर विचारतात, 'प्रत्येक गटात सहाच जनावरं का?' याचं खरं उत्तर 'गोठ्यात तेवढीच होती' असं असतं, आणि ते प्रबंधात लिहिता येत नाही.

हात विसरतील का, अशी शंका तुला असेल, तर तिचं उत्तर यातच आलं. मानेतून रक्त काढण्यात तू क्लिनिकवाल्यांपेक्षा तरबेज होशील. प्रजननाच्या फिजिओलॉजीत काम केलंस, तर गर्भाशय तपासणी आणि अल्ट्रासाऊंड रोजचंच. सर्जरीचा हात मात्र जाईल, ते कबूल करून पुढे जा. सिझेरियन आणि पोट उघडायची कामं महिनोन्महिने केली नाहीत की बोटं विसरतात, त्यावर इलाज नाही. पण पशुवैद्यक परिषदेची नोंदणी तशीच राहते, फक्त नूतनीकरण चुकवू नकोस. आणि वडिलांना सांग, जनावराला हात लावायचं सुटत नाही, हात लावण्याचं कारण बदलतं. त्यांना हे लगेच पटणार नाही. त्यांच्या गोठ्यातल्या गाभण गायींच्या लघवीचा सामू महिनाभर वहीत लिहून दाखव, मग बोला. दहा गायींच्या मालकाला वहीतला आकडा कळतो.

प्रयोगांची धास्ती वाटते ते बरंच आहे. ती न वाटणारी मुलं मला गोठ्यात नको असतात. आज कुठल्याही कॉलेजात प्राण्यांवर प्रयोग करायचा, तर आधी संस्थेच्या आचारसमितीकडे अर्ज करावा लागतो: किती जनावरं, का तेवढीच, वेदना होणार का, भूल कोणती, नंतर त्यांचं काय करणार. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, पद्धत सौम्य करा, हीच या अर्जांमागे असते. काही जणांना हे कागदी काम वाटतं. मला नाही वाटत. 'बारा का, आठ का नाहीत' हे लिहायला बसलं की आपला प्रयोग किती ढिला आहे ते कळतं. आणि मोठ्या जनावरांवरचं आपलं बहुतेक काम रक्त, दूध, लघवी, श्वास आणि तापमान यांच्यापुरतंच असतं. कोठीपोटाला झाकणाची नळी बसवलेली गाय तू पाहिली असशील. नीट सांभाळली तर ती वर्षानुवर्षं खाते, रवंथ करते, वासरं देते. एखादी गोष्ट मनाला पटली नाही, तर ती करणार नाही असं मार्गदर्शकाला सांगायचा अधिकार तुला आहे, आणि तो वापरायचा असतो.

पैशाचं बोलू. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, पशुधन विकास अधिकाऱ्याचं ५६,१००. आकड्यात फरक नाही म्हणावा इतका कमी. फरक आहे तो वाटेत. अधिकारी व्हायला तुझी आत्ताची पदवी पुरते. प्राध्यापक व्हायला दोन वर्षं एम. व्ही. एस्सी., मग नेट, किंवा तीन-चार वर्षं पीएचडी, आणि त्यानंतर जाहिरातीची वाट. विद्यापीठातल्या भरतीच्या जाहिराती नियमित निघत नाहीत. अधल्यामधल्या वर्षांत कंत्राटी शिकवणं वाट्याला येतं, आणि त्या पगारात घर चालवताना माणूस चिडचिडा होतो. हे मी गोड करून सांगणार नाही. कर्ज डोक्यावर असेल किंवा घरच्यांना तुझा पगार आत्ताच हवा असेल, तर एमपीएससी आधी दे आणि त्यात कमीपणा मानू नकोस. नोकरी लागल्यावर अध्ययन रजेवर शिकायला येणाऱ्या अधिकाऱ्यांना आम्ही डोक्यावर घेतो, कारण त्यांचे प्रश्न खरे असतात.

घरची तेवढी ओढ नसेल, तर मात्र नजर फक्त महाराष्ट्रावर ठेवू नकोस. नागपूरला मुख्यालय असलेलं आपलं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० सालचं, त्याखालची परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळची कॉलेजं आणि अकोल्याची संस्था तुला ठाऊक आहेतच. परळचं कॉलेज तर १८८६ पासून चालू आहे. पण कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था, इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था (आयव्हीआरआय), बेंगळुरूची पशुपोषण व शरीरक्रिया संस्था आणि हिसारची म्हैस संशोधन संस्था इथे फिजिओलॉजीचं काम वेगळ्याच पातळीवर चालतं. परीक्षानळीतून जन्मलेलं म्हशीचं पहिलं रेडकू 'प्रथम' १९९० मध्ये कर्नालचं आणि २००९ मधलं क्लोन केलेलं रेडकूही तिथलंच. तिकडे मेस चपातीची आणि थंडी हाडं गोठवणारी असते, एवढी तयारी ठेव. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) प्रवेश परीक्षेला बस. पुढे कृषी संशोधन सेवेची परीक्षा देऊन शास्त्रज्ञ होता येतं, तिथे वर्ग कमी आणि प्रयोगशाळा जास्त. खाद्य कंपन्या, वीर्य केंद्रं, भ्रूण प्रत्यारोपणाच्या प्रयोगशाळा आणि औषधांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थाही फिजिओलॉजीची माणसं घेतात.

आणि सिनिअर फारच चिडवायला लागले, तर त्यांना पीटर डोहर्टी हे नाव सांग. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे पशुवैद्यक पदवीधर, १९६२ चे. नंतर प्रयोगशाळेतच रमले आणि १९९६ चं शरीरक्रियाशास्त्र वा वैद्यकाचं नोबेल घेऊन आले, पेशीद्वारे मिळणाऱ्या प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पशुवैद्याला मिळालेलं ते पहिलं नोबेल. त्यांचं काम उंदरांवरचं, गायींवरचं नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगून टाकते, नाहीतर सिनिअर शोधून काढतीलच.

शेवटची गोष्ट मार्गदर्शकाची, आणि यावर दोन वर्षं अवलंबून असतात. पसंतीचा फॉर्म भरण्याआधी एक दिवस रजा काढ आणि विभागात जाऊन ये. शिरवळ तर तुझ्याच जिल्ह्यात आहे. प्राध्यापकांना भेट, पण त्याआधी त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठ. सर आठवड्यातून किती वेळा भेटतात? विषय कोणी ठरवला, विद्यार्थ्याने की सरांनी? किटचे पैसे कुठून आले? आधीच्या मुलांचे प्रबंध वेळेत गेले का? मुलं खरं सांगतात, विशेषतः चहा तू पाजलास तर. मग सरांकडे जा आणि दुग्धज्वराने दुसऱ्यांदा बसलेल्या गायीची हकिगत सांग. त्यांनी लगेच तुला 'चाऱ्यात काय होतं?' किंवा 'कितवं वेत?' असं काही विचारलं, तर तिथे नाव घाल. 'आधी प्रवेश घ्या, विषयाचं नंतर बघू' असं म्हणाले, तर दुसरा मार्गदर्शक शोध. आणि जाताना त्या मालकाकडून गायीचं वय, वेत, शेवटच्या महिन्यातला चारा आणि दिलेली औषधं लिहून घेऊन जा. बाकीचं सगळं तुझ्या कॉल रजिस्टरमध्ये असेलच.